भास्करराव मोजतात

भास्कररावांना लग्नाला बोलवावं, पण मांडवात एकटं सोडू नये. जेवायला बसण्याआधी ते कडेला उभे राहतात, उजव्या हाताचा अंगठा खिशातल्या खिशात टिकटिक हलवतात आणि जमलेली माणसं मोजतात. नुसती मोजून थांबले असते तर चाललं असतं. ते प्रतवारी लावतात. "जोरात पुढं जाणारे पंधरा, जागच्या जागी वळवळणारे साठ, बाकीचे न हलणारे," असं हळू आवाजात सांगतात आणि नवरदेवाचा मामा कुठल्या प्रकारात बसतो ते डोळ्यांनी दाखवतात. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी माझ्या नवऱ्याला दुसऱ्या प्रकारात घातलं. मी हरकत घेतली नाही. वीस वर्षं माझंही तेच मत आहे.

ही प्रतवारी त्यांच्या कामातली आहे. बारामतीत भिगवण रस्त्यावर एक लॅब आहे, तिथं ते टेक्निशियन आहेत. रक्त, लघवी, थुंकी सगळं बघतात, पण त्यांचा खरा जीव वीर्यतपासणीत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र धरायचं आणि काचेवरचे शुक्राणू मोजायचे. किती आहेत, किती पळतात, किती नुसते वळवळतात, किती गप्प पडलेत. तीस-बत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला मांडवातही दुसरं काय दिसणार?

मी त्याच लॅबच्या काउंटरवर बसते. नावं लिहून घेते, बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावते, रिपोर्ट देते. भास्करराव मला 'काउंटरबाई' म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक नसावं अशी मला बारा वर्षं शंका आहे.

आता ही तपासणी करायला पुरुष कसा येतो ते मी सांगते, कारण ते काउंटरवरूनच दिसतं. तो आधी रस्त्याच्या पलीकडे चहा पितो. मग आत येऊन साखरेच्या तपासणीचा दर विचारतो. मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणतो, "एक मित्र हाय माझा. त्याची ती... ती तपासणी करायची." इथपर्यंत आला की काचेमागून भास्करराव बाहेर येतात.

"नाव घ्या," ते म्हणतात. "वीर्य. दोन अक्षरं आहेत. साखर तीन अक्षरी आहे, ती म्हणालात ना आत्ता?"

सुरुवातीला मी तोंडाला पदर लावून खाली बघायचे. आता मंडईत मेथी मागावी तसं वीर्य म्हणते. एकदा घरून फोनवर एका गिऱ्हाईकाला समजावत होते, तर सासूबाई जपमाळ घेऊन शेजारणीकडे जाऊन बसल्या त्या जेवायलाच आल्या.

नाव घेऊन झालं की व्याख्यान. ते टळत नाही. माझ्यासमोरचा कागद ओढून भास्करराव चित्र काढतात, आणि समोरचा माणूस शेतकरी असो नाही तर बँकेतला साहेब, त्याला ठिबक सिंचनातूनच समजावतात. "हे दोन वृषण. हा कारखाना. आता कारखाना पोटात सुरक्षित ठेवायचा सोडून बाहेर पिशवीत का टांगलाय? कारण आत उष्णता जास्त. याला दोन-तीन अंश गार लागतं. थंडीत पिशवी आखडते, उन्हाळ्यात सैल सुटते. आपोआप. तुमच्या घरच्या एसीला तेवढी अक्कल नाही. कारखान्याला चिकटून ही वळ्यावळ्यांची नळी, अधिवृषण. माल इथं मुरतो, पोहायला शिकतो. मग ही शुक्रवाहिनी, मेन लाइन. ती वर चढते, मूत्राशयाला वळसा घालून खाली येते. वाटेत शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी, ह्या खताच्या टाक्या. पाण्यात खत सोडता ना, तसा रस इथं मिसळतो. शेवटी मूत्रमार्ग. चारी एकच, पाणी दोघांचं, लघवीचं आणि वीर्याचं. पण एकाचं आवर्तन चालू असलं की दुसऱ्याचं दार बंद. कधी भांडण नाही. तुमच्या शिवारात असं होतं का?"

गिऱ्हाईक मान हलवतं. त्याला फक्त दार कुठंय ते हवं असतं.

"आणि ताठ होणं हे वेगळं खातं," भास्करराव मागून सांगतात. "ते रक्तपुरवठ्याचं. मोजणी वृषणाकडे. एक खातं जोरात चालतंय म्हणून दुसरं चालत असेलच असं नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही."

'मोजल्याशिवाय बोलायचं नाही' हे त्यांचं पालुपद. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, असं कुणी म्हटलं की विचारतात, "मोजले का?" समोरच्या टपरीवाल्याची मिसळ तिखट आहे का, यावरही त्यांचं तेच उत्तर असतं. जळोचीला ते राहतात, तिथल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेला जातात. एकदा तिथं त्यांना तरुणांपुढं आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितलं. ते पाऊण तास बोलले आणि फळ्यावर चित्रही काढलं. तेव्हापासून त्यांना फक्त आभार मानायला सांगतात.

एक सवय मात्र मला कधी उलगडली नव्हती. भास्करराव काम करताना कुणासाठी उठत नाहीत. लॅबचे मालक डॉक्टर आले तरी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा हलत नाही, नुसता डावा हात वर करतात. पण दुपारी एकला त्यांची बायको, सुमनताई, डबा घेऊन येते. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. ती दारात दिसली की भास्करराव मोजणी सोडून उठून उभे राहतात आणि ती बाकावर बसेपर्यंत उभेच राहतात. अर्धी मोजणी वाया जाते, परत पहिल्यापासून करावी लागते. मला वाटायचं, भूक लागत असेल.

गेल्या वर्षी श्रावणात वडगाव निंबाळकरची एक मुलगी काउंटरवर आली. स्वाती तिचं नाव. हातात उशीएवढी जाड फाइल. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. फाइलमध्ये तिच्या रक्ताचे, सोनोग्राफीचे, नळ्यांच्या तपासणीचे, दुर्बिणीच्या तपासणीचे कागद. सगळं ठीक. तरी सासूनं सांगून टाकलं होतं, दिवाळीला माहेरी इंदापूरला जा ती परत येऊ नको. दुसरी मुलगी बघूनही ठेवली होती.

भास्कररावांनी फाइल चाळली. मग उलटून पुन्हा मागून चाळली. "यात नवऱ्याचा एकही कागद नाही," ते म्हणाले.

"सासूबाई म्हंत्यात, आपल्यात बाप्याला तपासत न्हायत," स्वाती म्हणाली. "त्यांना सांगितलं म्या. ते म्हंले, बघू."

भास्कररावांनी तिच्याकडून नवऱ्याचा नंबर घेतला आणि माझ्या टेबलावरच्या फोनवरून रविवार सोडून सलग नऊ दिवस सकाळी साडेदहाला त्याला फोन केला. दहाव्या दिवशी गणेश स्वतःच आला. स्वाती मागं उभी. गणेश चांगला उंचापुरा, दहा-बारा संकरित गाई सांभाळणारा गडी. त्यानं साखरेचा दर विचारला नाही, कॅलेंडरही वाचलं नाही. त्यानं अभिमानानं काउंटरवर थर्मास ठेवला.

थर्मासमध्ये बर्फ होता. बर्फात बाटली होती. बाटलीत जे होतं त्याचा गोळा झाला होता.

"रातीच काढून फ्रीजरला ठिवलं हुतं," गणेश म्हणाला. "वाटंत वितळाय नगं म्हून बर्फ आणला."

भास्करराव बाटलीकडे बघत राहिले. ज्या बाटलीसाठी त्यांनी नऊ दिवस फोन केला होता, ती अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात आणायची असते. गारठ्यानं आतलं सगळं मरतं. हे फोनवर सांगायचं राहून गेलं होतं, कारण नऊही दिवस गणेश 'व्हय-व्हय' म्हणून फोन ठेवत होता.

"फ्रीजरला ठेवायला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? गाय माजावर आली की डॉक्टर वळूचं रेतन आणत्यात. त्ये कायम थंड टाकीतच असतंय. वाफ निघती नुसती. वरसानुवरसं टिकतंय. वळूचं टिकतंय आन् माजं एक रात टिकू नये?"

मला हसू आवरेना म्हणून मी खाली वाकून पेन शोधायला लागले. भास्करराव मात्र अगदी गंभीर. "वळूच्या त्याच्यात अंड्याचा बलक घालतात. ग्लिसरीन घालतात. मग पायरीपायरीनं गार करतात. तुम्ही काय घातलं होतं?"

"काय न्हाय," गणेश पडेल आवाजात म्हणाला. "निस्तं झाकान लावलं."

तरीही भास्कररावांनी ते काचेवर घेतलं. एकही हलत नव्हता. मी काचेमागं गेले आणि हळूच म्हटलं, "द्या ना लिहून, हालचाल शून्य. खोटं तर नाही. जे दिसलं ते. त्या पोरीची तरी सुटका होईल. सासूचं तोंड बंद होईल."

माझं म्हणणं मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"ही मोजणी नाही, पंचनामा आहे," ते म्हणाले. मग काच बाजूला ठेवत, "काउंटरबाई, शून्य फार मोठा आकडा असतो. तो असा कुणाच्या नावावर टाकायचा नसतो."

गणेशला पुन्हा नमुना द्यायला सांगितलं. लॅबमध्ये त्यासाठी खोली आहे, पण ती पाण्याच्या कूलरशेजारी, आणि समोर बाकांवर रांग. त्यानं दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. "माज्या गावची दोघं बसल्यात तितं," तो म्हणाला, आणि थर्मास घेऊन निघाला. "एकदा दिलं की. आता न्हाय जमायचं." स्वाती त्याच्यामागून गेली. जाताना तिनं फाइल उचलली नाही. काउंटरवरच राहिली ती.

भास्कररावांनी त्याला हाक मारली नाही. फक्त मोठ्यानं सांगितलं, "रविवारी मी तुमच्याकडं येतो. तोपर्यंत चार दिवस थांबा." कशापासून थांबायचं ते ऐकायला बाकावरचे सगळे पुढं सरकले.

रविवारी भास्करराव पहिल्यांदाच वंदनेला गेले नाहीत. स्कूटरवर वडगावला गेले. पुढचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि ते मोजल्याशिवाय बोलत नाहीत म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते. गणेशची आई ओट्यावर होती. पाहुणे म्हणून तिनं चहा दिला. कुठनं आलात, कशासाठी आलात?

"वीर्य न्यायला," भास्करराव म्हणाले.

म्हातारीनं चहाची बशी काढून घेतली. आमच्या घराण्यात असलं कधी झालं न्हाय, वगैरे झालं. भास्करराव उठले नाहीत. अंगणाच्या कडेला घरचीच भाजी होती, तिला ठिबक जोडलेलं. ते त्या नळ्यांजवळ जाऊन बसले आणि त्यांनी नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. कारखाना, मुरायची नळी, मेन लाइन, खताच्या टाक्या. म्हातारी आधी पाठ करून बसली होती. मग तोंड वळवलं. मग उठून नळीजवळ आली. तिची अर्धी हयात पाइपलाइनी दुरुस्त करण्यात गेलेली.

"म्हंजी बाईकडं बी लाइनी आन् बाप्याकडं बी लाइनी?" तिनं विचारलं.

"व्हय आक्का."

"कुटं बी तुंबू शकतंय?"

"कुटं बी."

म्हातारीनं वाकून एक नळी चिमटीत दाबून बघितली. "मंग सा वरसं आपून निस्त्या तिच्याच लाइनी उकरल्या व्हय रं?" ती म्हणाली. घरात भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. म्हातारीनं मान न वळवता हाक मारली, "गण्या, दे त्यांना काय पायजे ते."

बाटली मिळाली साडेअकराला. तासाभरात बारामती गाठायची, आणि बाटली गार होऊ द्यायची नाही. भास्कररावांनी ती बनियनच्या आत, डाव्या काखेत धरली, हात छातीशी घट्ट दाबला आणि एका हातानं स्कूटर हाकली. वाटेत गुरांनी भरलेला एक टेंपो आडवा झालेला. गर्दीत स्कूटर थांबली. साठीचा माणूस, घामानं डबडबलेला, डावा हात छातीवर. लोकांना जे वाटायचं ते वाटलं. दोघांनी उचलून कडेला बसवलं, एकानं शर्टाची बटणं काढायला घेतली, एक जण अँब्युलन्सला फोन लावू लागला. "तात्या, दम धरा. बोलू नगा. हात सैल सोडा."

"हात सोडणार नाही," भास्करराव म्हणाले. "काखेत वीर्य आहे."

बटणं काढणाऱ्यानं हात मागं घेतला. मग सगळे दोन पावलं मागं सरले, स्कूटर कुणीतरी उभी करून दिली, आणि गर्दीतून सरळ वाट निघाली. नाव घेतलं की कामं होतात, हे ते मला नंतर पुन्हा पुन्हा सांगत होते.

लॅबची किल्ली माझ्याकडं असते, म्हणून मला रविवारी बोलावलं होतं. सव्वाबाराला ते आले. शर्टाला दोन बटणं कमी. सरळ काचेमागं गेले. काचेवर थेंब घेतला, डोळा लावला. मी काउंटरवर बसून ऐकत होते. बराच वेळ काहीच नाही. मी स्वातीची राहिलेली फाइल उघडली, मिटली. ती पोरगी माझी कोण लागत होती? पण मला धडकी भरली होती हे खरं.

मग एक टिक. मग आणखी एक. थोड्या वेळानं दोन.

"कमी आहेत," भास्करराव म्हणाले. "पण चालतायत. या, बघा."

बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा आत बोलावलं. मी वाकून बघितलं. पांढुरक्या उजेडात बारीक शेपट्यांचे काही जीव इकडून तिकडं निघाले होते. कुणी वाकडा, कुणी गोल गोल फिरणारा, एकाला तर डोकी दोन. मी म्हटलं, यात धड किती? ते म्हणाले, शंभरात थोडेच धड असतात. तेवढे पुरतात.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. डॉक्टरांनी तपासलं, गणेशच्या वृषणावरच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. त्यानं उष्णता वाढते आणि कारखाना मंदावतो. छोटी शस्त्रक्रिया झाली. नवा माल तयार व्हायला अडीच-एक महिने लागतात, म्हणून गणेश आता ठरल्या वेळी मोजणीला येतो, चहा न पिता सरळ आत येतो आणि वीर्य म्हणतो. आकडा वाढतोय. पाळणा हलला का, ते विचारू नका, अजून नाही. पण स्वाती दिवाळीला चार दिवस माहेरी गेली आणि सासू स्वतः तिला न्यायला गेली. फाइलवर आता दोन नावं आहेत.

तर त्या रविवारी रिपोर्ट लिहून झाला आणि मी विचारलं, "भास्करराव, एका गिऱ्हाईकासाठी एवढं कोण करतं?"

ते मोजणीयंत्राचा आकडा शून्यावर आणत होते. तसंच खाली बघत बोलायला लागले. लग्नानंतर ते इंदापूरच्या एका लॅबमध्ये होते. मूल होईना. सुमनताईंच्या तपासण्या झाल्या, पुण्याच्या दोन वाऱ्या झाल्या. अंगारेधुपारे त्यांच्यात नाहीत, पण काढ्यांना धर्म नसतो. कोण सांगेल तो काढा ती प्यायची. कडूजहर. नऊ वर्षं.

"मी तेव्हा दिवसाला चार नमुने मोजायचो," भास्करराव म्हणाले. "घरी येऊन ती काढा पिताना बघायचो. पाचवा नमुना आपला ठेवावा, हे नऊ वर्षांत एकदाही मनात आलं नाही. मोजणारा कशाला मोजून घेतोय?"

"मग?"

"मग एक दिवस गिऱ्हाईक आलं नाही. काच रिकामी होती. माझाच लावला." त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. "चार वेळा मोजलं. सूक्ष्मदर्शक बिघडला असेल म्हणून दुसऱ्याचा नमुना लावून बघितला. त्याचे पळत होते."

मी विचारलं, "ताईंना सांगितलंत?"

"अकरा दिवसांनी. भाकऱ्या थापत हुती." लॅबमध्ये एरवी शुद्ध बोलणारे भास्करराव घरच्या बोलीवर आले होते. "सगळं सांगितलं. हात बी थांबला न्हाय तिचा. भाकरी तव्यात टाकली आन् म्हंली, 'मग मी आता त्ये काढं बंद करू का?'"

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. ती परवानगी विचारत होती.

बाहेर चपला वाजल्या. सुट्टीचा दिवस असला तरी एक वाजला होता, आणि सुमनताई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. भास्करराव खुर्ची मागं सारून उठले. बटणं तुटलेला शर्ट एका हातानं धरून ताठ उभे राहिले.

"बसा की आता," सुमनताई बाकाकडं येत म्हणाल्या. "रोज काय उभं ऱ्हाताय?"

भास्करराव बसले नाहीत.